फुटाला एक सूत

बिडाचा रस साच्यात निवताना आक्रसतो. हे आक्रसणे फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, इतके असते. म्हणून पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीची पट्टी बाजारात मिळणाऱ्या पट्टीसारखी नसते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सुतभर लांब असतो, आणि त्या पट्टीने मापून केलेल्या लाकडी पॅटर्नवरून ओतलेले कास्टिंग निवल्यावर बरोबर मापाला येते. ज्याच्याकडे पॅटर्न नाही आणि हाती फक्त एक तयार कास्टिंग आहे, तो तेच वाळूत दाबून त्याच्यासारखे दुसरे ओतायला गेला तर दुसरे सुतभर लहान निघते. दुसऱ्यावरून तिसरे ओतले तर दोन सूत. शिवाय लेथवर छिलण्यासाठी जो जादा माल ठेवावा लागतो, तो तयार वस्तूवरून आधीच छिलला गेलेला असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे शाळेचे तोंड न पाहिलेल्या मोल्डरलाही ठाऊक होते. एकदा जमलेले काम पुन्हा तसेच जमवायचे तर तयार वस्तू जपून भागत नाही. ती कशी केली ते जपावे लागते, आणि तेही अर्धवट नव्हे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या धंद्यात, दुसऱ्याच्या मशीनवर प्रोग्राम अडला की, ‘आमच्या मशीनवर तर चालतेय’ हे वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकू येते. त्यातून सुटण्यासाठी आज अर्धा डझन साधने बाजारात आहेत आणि कोणते घ्यावे यावर हिरिरीने भांडणे होतात. त्या निवडीची कसोटी कोल्हापूरच्या ओतकामाच्या आणि यंत्रांच्या धंद्याने कधीच घालून दिली आहे, असे माझे म्हणणे आहे.

कोल्हापूरला यंत्रे करण्याचा नाद उद्यमनगराच्याही आधीचा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाची यंत्रे समजून घेत स्वतःचा कॅमेरा करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, आणि बाबूरावांनी सहकाऱ्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आला. देशी बनावटीचा पहिला सिनेकॅमेरा म्हणून त्या यंत्राचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण त्या कॅमेऱ्याचा कारखाना काही निघाला नाही. भांडवल आणि बाजारपेठ ही कारणे होतीच; मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. तो कॅमेरा करण्याचे ज्ञान करणाऱ्यांच्या बोटांत होते. कोणता दाता किती घासला, कोणती स्प्रिंग कितीदा बदलली, हे त्या माणसांसोबत राहिले आणि त्यांच्यासोबतच गेले. कोल्हापूरकरांना कलावंत-मिस्त्रीचा अभिमान आहे, आणि असावा. मात्र ज्या कामगिरीचा अभिमान वाटतो तीच दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही, हे त्या अभिमानात सहसा विसरले जाते.

पुढची पायरी ऑइल इंजिनाची. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणा यांच्या काठी ऊस वाढत गेला, नदीचे पाणी उचलायला इंजिने लागू लागली, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे कोल्हापूरच्या वर्कशॉपांनी ती करायला घेतली. या काळाची कामाची रीत नमुन्यावर चालणारी होती. शेतकरी मोडका भाग पोत्यात घालून उद्यमनगरात यायचा, टर्नर तो हातात फिरवून बघायचा आणि तसाच दुसरा करून द्यायचा. पण आलेला बुश घासलेला, शाफ्ट झिजलेला. नेमके ज्या ठिकाणचे माप हवे तिथलेच माप हरवलेले. हुशार टर्नर मग न झिजलेली कड शोधायचा, जोडीच्या भागावरून अंदाज बांधायचा, आणि उरलेले काम फिटर कानस घेऊन पुरे करायचा. एका इंजिनाचा भाग त्याच कंपनीच्या दुसऱ्या इंजिनाला बसेलच याची खात्री नसे. तो ‘बसवून’ दिला जाई. बोल्टच्या आट्यांचे माप एकसारखे असावे म्हणून जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये १८४१ मध्येच प्रस्ताव मांडला होता. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, इंच जाऊन मिलिमीटर आला, आणि काही वर्षे एकाच वर्कशॉपात दोन्ही मापांचे बोल्ट एकाच डब्यात पडून राहिले. ज्याने अशा डब्यातून घाईत बोल्ट काढला असेल त्याला ‘व्हर्जन जुळत नाही’ म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

शेतात विजेच्या मोटारी पोचल्या तशी ऑइल इंजिनाची मागणी उतरली आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्या वाहनांच्या सुट्या भागांकडे वळल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, नंतर कागल-हातकणंगले असा धंदा शहराबाहेर पसरला. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या असल्याचे आकडे दिले जातात. गिऱ्हाईक बदलले तशी कामाची रीतही बदलली. नमुना गेला आणि ड्रॉइंग आले. ‘बसवून देतो’ला जागा उरली नाही, तिथे गो आणि नो-गो गेज आले. याहून महत्त्वाचा बदल मात्र भट्टीपाशी झाला. पॅटर्न तोच, वाळू त्याच ढिगातली, मोल्डर तोच, तरी आजचे कास्टिंग नीट छिलले जाते आणि उद्याचे काचेसारखे कडक निघून टूल खाते, असे होत असे. कारण भट्टीत काय टाकले याचा हिशेब नसे. पिग आयर्न किती, भंगार कुठले, बोरिंगचा चुरा किती, फेरोसिलिकॉन केव्हा टाकले, यातले काहीही हलले की रस वेगळा. म्हणून चार्ज शीट लिहिली जाऊ लागली, वाळूतल्या ओलाव्याची तपासणी सुरू झाली, प्रत्येक ओतीचा तुकडा स्पेक्ट्रोमीटरखाली जाऊ लागला आणि कास्टिंगवर हीट नंबर उमटू लागला. आता शेकडो मैलांवरच्या असेंब्ली लाइनवर एखादे हाउसिंग तडकले तर त्या नंबरावरून त्याच ओतीतले बाकीचे नग शोधून बाजूला काढता येतात. पॅटर्नने फक्त आकाराची खात्री दिली होती. मालाची खात्री द्यायला चार्ज शीट लागली.

सॉफ्टवेअरमध्ये हीच दोन टप्प्यांची वाट नंतर, आणि बरीच ठेचकाळत, चालली गेली. प्रोग्राम म्हणजे नुसता लिहिलेला कोड नव्हे. तो ज्या कंपायलरवर, ज्या लायब्रऱ्यांच्या ज्या व्हर्जनवर, ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभा असतो तो सगळा सेटअप त्याच्याबरोबर येतो. मराठी माणसाने याचा अनुभव सॉफ्टवेअर न लिहिताही घेतला आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या काळात डीटीपीवर जुळवलेली मराठी फाइल, तो खास फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की पानभर अगम्य चिन्हे दिसायची. मजकुराचा एक बाइटही बिघडलेला नसायचा, आणि तरी वाचायला काही उरलेले नसायचे. धंद्याने आधी छोटे उपाय केले. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले, त्याने कोणती फाइल कशावरून बनते हे एका जागी नोंदवले जाऊ लागले. युनिक्समध्ये १९७९ च्या सुमारास ‘सीएचरूट’ आले, त्याने एका प्रोग्रामला बाकीच्या यंत्रापासून वेगळी खोली मिळाली. २००७ मध्ये पायथॉनसाठी ‘व्हर्च्युअलएन्व्ह’, २०१० मध्ये रुबीत बंडलरची, नेमकी व्हर्जन नोंदवून ठेवणारी लॉक फाइल, त्याच वर्षी अख्खे आभासी मशीन उभे करून देणारे ‘व्हेग्रंट’. २०१३ मध्ये डॉकर आले आणि तो नुसत्या साधनाचा विषय न राहता फॅशनचा झाला.

डॉकरने जे केले ते मोठेच होते. कंटेनरची, म्हणजे प्रोग्राम आणि त्याचा सेटअप यांच्या बंद पेटीची, इमेज एकदा बनली की ती इकडून तिकडे जशीच्या तशी जाते, आणि ती बनवण्याची कृती डॉकरफाइल नावाच्या साध्या मजकुरात लिहिलेली असते. पण ती कृती बारकाईने वाचली तर तिच्यात बहुतेक वेळा असे लिहिलेले सापडते: अमुक लिनक्सची ताजी आवृत्ती घे, पॅकेजांची यादी अद्ययावत कर, अमुक अमुक बसव. ताजी म्हणजे ज्या दिवशी कृती चालवाल त्या दिवशीची. मार्चमध्ये त्या फाइलवरून बनलेली इमेज आणि सप्टेंबरमध्ये त्याच फाइलवरून बनलेली इमेज या दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि फाइलकडे पाहून तो फरक कळत नाही. पॅटर्न जपला आणि भंगार रोज वेगळे टाकले, अशातला हा प्रकार. या भंगाराचा पुरवठा किती नाजूक असतो हे मार्च २०१६ मध्ये जगाला दिसले. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावरून काढून घेतले, आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते अशा असंख्य प्रकल्पांचे काम त्या दिवशी अडले.

चार्ज शीट या धंद्यात मूळ धरू लागली ती हॉलंडमधल्या उत्रेख्त विद्यापीठात. एल्को डॉल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये ‘निक्स’ सुरू केले आणि २००६ च्या प्रबंधात त्याची मांडणी केली. कल्पना दिसायला साधी आहे. कोणतेही पॅकेज बनवताना त्यात जे जे गेले, म्हणजे मूळ कोड, कंपायलर, त्याला दिलेले पर्याय आणि ज्या इतर पॅकेजांवर ते उभे आहे ती सगळी, या साऱ्यावरून एक हॅश, म्हणजे अंकाक्षरांचा ठसा, काढायचा, आणि तयार पॅकेज त्या हॅशच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. आत जाणाऱ्या एखाद्या गोष्टीत टिंबाइतका बदल झाला तरी हॅश बदलतो, फोल्डर वेगळा होतो आणि जुने पॅकेज जागच्या जागी राहते. हा हीट नंबरच आहे, फक्त ओतल्यानंतर ठोकलेला नव्हे तर चार्जवरून आधीच ठरलेला. बांधणी चालू असताना इंटरनेटवरून भलतेच काही आत येणार नाही अशी व्यवस्थाही असते. लुडोविक कुर्तेस यांनी २०१२ मध्ये सुरू केलेले ‘ग्विक्स’ याच वळणाचे. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न साधन किती लोकप्रिय आहे किंवा किती झटपट चालू होते हा नसावा. कोऱ्या मशीनवर, मूळ माणूस हजर नसताना, दोन वर्षांनी ही कृती चालवली तर आत तोच माल जाईल का, हा असावा. या कसोटीवर निक्स आणि ग्विक्स पुढे आहेत. व्हर्जन आणि हॅश दोन्ही नोंदवणारी लॉक फाइल अधिक डायजेस्टने, म्हणजे इमेजच्या हॅशने, पक्की केलेली कंटेनर इमेज ही जोडी बऱ्यापैकी उतरते. आणि मोकळी डॉकरफाइल नापास होते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की सॉफ्टवेअर म्हणजे बीड नव्हे. डिजिटल नकल आक्रसत नाही. तयार इमेज जपून ठेवली तर हजारावी प्रतही पहिलीसारखीच निघते, मग कृतीची एवढी चिंता कशाला? हे खरे आहे, आणि म्हणूनच तयार इमेज जपावीच. पण जपलेली इमेज जशी आहे तशीच वापरता येते, बदलता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतले भगदाड उघड झाले तेव्हा कुणालाच जुनी प्रत पुरेशी नव्हती. प्रत्येकाला बाकी सारे तेच ठेवून एक तुकडा बदललेली नवी प्रत हवी होती. ती इमेजवरून बनत नाही. आधी तर आपल्या कोणत्या कोणत्या कामात हा तुकडा गेला आहे हे शोधण्यातच अनेक कंपन्यांचे दिवस गेले. ज्यांच्याकडे आत गेलेल्या मालाची पूर्ण नोंद होती त्यांना ते नोंदीवरून सांगता आले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात कुणीतरी पेरलेला चोरदरवाजा सापडला, तेव्हाही असेच झाले. निक्सच्या अस्थिर शाखेतही ती आवृत्ती पोचलेली होती, तेव्हा नोंद ठेवल्याने माल शुद्ध होतो असा दावा कुणी करू नये. नोंदीचा उपयोग खराब ओत कुठे कुठे गेली ते सांगण्यापुरता आहे, आणि तेवढा पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. निक्सची भाषा विचित्र, चुकांचे संदेश दुर्बोध, शिकायला महिने लागतात. कोल्हापुरातल्या आठ-दहा माणसांच्या कंपनीत एक जण ते शिकतो आणि वर्षभरात पुण्याला किंवा बेंगळुरूला निघून जातो. मग त्या कृतीचे पुन्हा बाबूरावांच्या कॅमेऱ्यासारखे होते, यंत्र समोर आणि उलगडणारा गायब. हा आक्षेप मला पुरता मान्य आहे, आणि निक्सचे भक्त तो जेवढ्या सहज उडवून लावतात तेवढा तो हलका नाही. म्हणून सरसकट उत्तर देता येत नाही. काम किती वर्षे जगणार यावर ते ठरते. गणेश मंडळाच्या वर्गणीचे संकेतस्थळ पुढच्या भाद्रपदात नव्याने केले तरी कुणाचे बिघडत नाही, तिथे साधी लॉक फाइलही चैन ठरेल. पण साखर कारखान्याची ऊसनोंद, तोडणी-वाहतूक आणि बिलांचे सॉफ्टवेअर, किंवा गावच्या दूध संस्थेत फॅट आणि एसएनएफ मोजणाऱ्या यंत्राला जोडलेले संकलनाचे सॉफ्टवेअर, ही कामे दहा-पंधरा वर्षे चालतात. लिहिणारे बदलतात, कंपनीही कधी बदलते, आणि दुरुस्ती नेमकी गाळप ऐन भरात असताना निघते. अशा कामासाठी शिकण्याचे महिने महाग नाहीत. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी निदान मधली वाट, म्हणजे हॅशसह लॉक फाइल आणि पक्की इमेज, सोडू नये.

तिसरे म्हणणे असे येते की सगळे जिथल्या तिथे गोठवून ठेवणे म्हणजे जुनी भगदाडे जपणे. यात गैरसमज आहे. ड्रॉइंगवर माप लिहिले म्हणून ते कधी बदलत नाही असे नाही; बदलले की रिव्हिजन नंबर पडतो, तारीख पडते, जुनी प्रत बाद होते. पक्के करण्याचा अर्थ एवढाच की बदल आपल्या नकळत होऊ नये. याहून अवघड आक्षेप मात्र उरतोच: कृती कितीही पूर्ण असली तरी ती ज्या सर्व्हरवरून मूळ कोड आणते तो सर्व्हरच दहा वर्षांनी नसेल तर? हे घडते. कॉनराड हिन्सेन आणि निकोला रूजिए यांनी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांना आव्हान दिले होते की दहा वर्षांपूर्वीचा स्वतःचाच प्रोग्राम पुन्हा चालवून दाखवा, आणि कित्येकांची त्यात दमछाक झाली. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संग्रह उघडा मूळ कोड गोळा करून ठेवतो आणि ग्विक्स गरज पडली तर तिथून माल घेऊ शकतो. इलाज पूर्ण नाही. आपल्या कामाला लागणारा सारा मूळ माल स्वतःच्या डिस्कवरही साठवणे हा जुना, कंटाळवाणा उपाय अजून सर्वांत भरवशाचा आहे.

कोल्हापूरकर अभिमानाने एक गोष्ट सांगतील: ड्रॉइंगाविना, गेजाविना, नुसत्या नमुन्यावर आणि कानशीवर उद्यमनगर उभे राहिले, मग या सोपस्कारांनी काय साधते? उद्यमनगर तसे उभे राहिले हे कुणी नाकारत नाही. पण ते ज्या अटीवर उभे राहिले ती अट पाहिली पाहिजे. इंजिन करणारा आणि चालवणारा यांच्यात वीस-पंचवीस मैलांचे अंतर होते. काही अडले तर मिस्त्री मोटारसायकलवर कानस घेऊन मळ्यात पोचत असे. मिस्त्रीचे हजर असणे हाच त्या इंजिनाचा अर्धा भाग होता. गिऱ्हाईक चेन्नईच्या असेंब्ली लाइनवर गेले तेव्हा ती अट संपली, आणि जे ड्रॉइंगकडे वळले नाहीत त्यांना ते काम मिळाले नाही. सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत अजून एखादा जुना प्रोग्रामर दर अडचणीला रिमोटवर येऊन काहीतरी ‘बसवून’ देतो, आणि मालकाला वाटते की आपला सेटअप चांगला आहे.

एका बाबतीत फाउंड्रीचा रिवाज आजच उचलण्यासारखा आहे, आणि तो तंत्राचा नसून मालकीचा आहे. पॅटर्नचे पैसे साधारणपणे गिऱ्हाईक देते आणि पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. तो वर्षानुवर्षे फाउंड्रीच्या मांडणीवर पडून असला तरी गिऱ्हाइकाने काम दुसरीकडे द्यायचे ठरवले की पॅटर्न तिकडे जातो. यावरून कुरबुरी होतात, पण हक्क कुणाचा याबद्दल सहसा शंका नसते. सॉफ्टवेअरचे करार करताना संस्था आणि कारखाने फार तर सोर्स कोड मागतात. तो सेटअप उभा करण्याची कृती मागत नाहीत, कारण अशी काही वेगळी वस्तू असते हेच त्यांना सांगितलेले नसते. मग कंपनी बदलायची वेळ आली की हाती कोडची एक फाइल असते आणि ती कशावर चालते हे जुन्या कंपनीतल्या कुणालाच नीट सांगता येत नाही. डॉकरने ऑगस्ट २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी डेस्कटॉपच्या परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हाही तोच प्रश्न वेगळ्या दारातून आला: साधन दुसऱ्याचे असले तरी कृती साध्या मजकुरात आपल्या ताब्यात आहे का? दूध संघाने किंवा कारखान्याने शेवटचा हप्ता देण्याआधी एक कोरे मशीन टेबलावर ठेवावे, ज्याने काम केले तो प्रोग्रामर खोलीत नसावा, आणि सोपवलेल्या कृतीवरून दुसऱ्याच कुणीतरी अख्खा सेटअप उभा करून एक दिवसाचे संकलन किंवा एका गटाचे ऊसबिल काढून दाखवावे. फाउंड्रीत नव्या पॅटर्नचे पहिले सॅम्पल मंजूर झाल्याशिवाय पुढची ऑर्डर निघत नाही, तशी ही अट करारात लिहायला वकील फार तर दोन ओळी घेईल.